एक अधिक एक बरोबर दीड

दहावीचा निकाल लागला आणि आमच्या भाच्याच्या हाती नातेवाइकांनी दिलेल्या पाकिटांचे मिळून सात हजार रुपये जमले. या पैशांचे काय करायचे हा प्रश्न त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, पडला होता. त्याला स्वतःला तो पडलेला नव्हता. पुढच्याच रविवारी सकाळी तो डोंबिवलीहून आमच्या ठाण्याच्या घरी आला, पोह्यांची बशी घेऊन थेट आतल्या खोलीत गेला आणि कोपऱ्यातल्या संगणकाचे झाकण काढून बसला. थोड्या वेळाने आतून हाक आली, ‘‘मामा, यात दुसऱ्या कार्डाची जागा रिकामीच आहे की! आपण अजून एक तसंच कार्ड टाकू या. स्पीड डबल होईल.’’

तो संगणक मी २०१२ साली मुलासाठी घेतला होता. मुलगा तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि संगणक अर्थातच ‘अभ्यासासाठी’ हवा होता. अभ्यासाचा संगणक आणि गेम खेळायचा संगणक यांच्या किमतींत वीस हजारांचा फरक असतो, हे बापाला दुकानात गेल्यावरच कळते. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने माझा चेहरा पाहून मधला मार्ग काढला. ‘‘काका, ग्राफिक्स कार्ड सध्या एकच घ्या. पण बोर्ड मात्र दोन कार्डांचा घ्या. दोन वर्षांनी दुसरं टाकलंत की मशीन नवं होऊन जाईल.’’ कार्डाच्या खोक्यावरही तेच चित्र छापलेले होते. दोन कार्डे शेजारी शेजारी आणि त्यांना जोडणारी एक चकाकती पट्टी.

आपल्यासारख्या मध्यमवर्गीय माणसाला असे बोलणे फार पटते. आपण मुलाचा गणवेश दोन बोटे मोठा शिवतो. गावाकडे घर बांधताना वर मजला चढवता येईल अशा बेताने खांब उभे करतो. उद्याच्या सोयीसाठी आज थोडे जास्त मोजायचे हा आपला स्वभावच आहे. मी बोर्डासाठी तीन हजार आणि मोठ्या पॉवर सप्लायसाठी पंधराशे रुपये जादा मोजले. दोन वर्षांनी मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि दुसऱ्या कार्डाचा विषय मागे पडला. ते साडेचार हजार रुपये म्हणजे एका रिकाम्या खाचेची मी भरलेली पागडीच ठरली.

भाच्याचा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटला तो यामुळे. इतक्या वर्षांपूर्वी मिळालेले वचन वसूल करण्याची संधी चालून आली होती. त्याच जातीचे वापरलेले कार्ड आता बाजारात साडेतीन हजारांत मिळत होते. बहिणीने फोनवर एवढेच सांगितले, ‘‘दादा, तू म्हणशील तसं. फक्त पैसे वाया जाऊ देऊ नकोस. पहिल्यांदाच स्वतःचे म्हणून जपलेत त्याने.’’ या वाक्यामुळे मी जरा सावध व्हायला हवे होते. पण झालो नाही.

पुढे काय झाले ते सांगण्याआधी हे कार्ड करते काय, ते थोडे समजून घेऊ. ज्यांचा गेमशी काडीचाही संबंध नाही अशा वाचकांनीही इथे पान उलटू नये. या प्रकरणात शेवटी जो प्रश्न निघतो, तो घरात कोणतीही यंत्रे घेणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

पडद्यावरचे हलते चित्र म्हणजे एकापाठोपाठ येणाऱ्या स्थिर चित्रांची माळ. सिनेमात ही चित्रे आधीच काढून ठेवलेली असतात, सेकंदाला चोवीस. गेममध्ये ती आयत्या वेळी काढावी लागतात, कारण खेळणारा डावीकडे वळणार की उजवीकडे, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील, तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. खेळात काय घडले याचा हिशेब प्रोसेसर करतो आणि त्याचे चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते.

जुन्या सरकारी कचेरीचे उदाहरण घ्या. साहेब मजकूर सांगतात आणि टायपिस्ट टंकतो. साहेब म्हणजे प्रोसेसर, टायपिस्ट म्हणजे कार्ड. काम तुंबते म्हणून दुसरा टायपिस्ट नेमला. विषम पाने पहिल्याने टंकायची, सम पाने दुसऱ्याने. दोन कार्डांच्या संगणकात बहुतेक वेळा नेमकी हीच पद्धत असते. एक चित्र या कार्डाने काढायचे, पुढचे त्या कार्डाने. आता काम दुप्पट व्हायला काय हरकत आहे?

हरकत काहीच नाही, पण त्याला अटी आहेत. पहिली म्हणजे साहेबांना दोघांना पुरेल इतक्या वेगाने मजकूर सांगता आला पाहिजे. साहेबच अडखळत असतील तर दुसरा टायपिस्ट नुसता बसून राहणार. दुसरी अट अशी की, दुसऱ्या पानाचा मजकूर पहिल्या पानावर अवलंबून नसावा. तो असेल तर पहिले पान पुरे होईपर्यंत दुसऱ्याला थांबावेच लागते. तिसरी गोष्ट संदर्भाच्या फायलींची. दोघांनाही सगळ्याच फायली लागतात, म्हणून दोघांच्या टेबलांवर त्यांच्या वेगवेगळ्या प्रती ठेवाव्या लागतात. दोन टेबले जोडून एक मोठे टेबल होत नाही. दोन जीबी स्मृतीची दोन कार्डे लावली तर गेमच्या दृष्टीने उपयोगाची स्मृती दोनच जीबी राहते, चार होत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोघांना कामे वाटून देणारा आणि पाने क्रमाने लावणारा एक हेडक्लार्क लागतो. संगणकात या हेडक्लार्कला ड्रायव्हर म्हणतात. कार्ड बनवणारी कंपनी तो लिहिते आणि वेळोवेळी सुधारून देते. या हेडक्लार्कला वाचकांनी लक्षात ठेवावे. सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

दोन कार्डे जोडण्याची कल्पना काही नवी नाही. १९९८ साली थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीने व्हूडू २ नावाचे कार्ड आणले. अशी दोन कार्डे जोडली की एक कार्ड पडद्यावरच्या विषम ओळी काढी आणि दुसरे सम. या पद्धतीला त्यांनी स्कॅन-लाइन इंटरलीव्ह, थोडक्यात एसएलआय, असे नाव दिले होते. एका कार्डावर ८०० गुणिले ६०० ठिपक्यांपर्यंत मजल जाई, दोन असली की १०२४ गुणिले ७६८ पर्यंत. गंमत म्हणजे हे कार्ड फक्त त्रिमित चित्रेच काढी. साध्या कामांसाठी तिसरे कार्ड वेगळे ठेवावे लागे. ही हौस तेव्हाही स्वस्त नव्हती. पुढे थ्रीडीएफएक्स अडचणीत आली आणि २००० सालच्या डिसेंबरमध्ये तिची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेण्याचे ठरले. या एनव्हिडियाने २००४ मध्ये तीच तीन अक्षरे पुन्हा बाजारात आणली. आता त्यांचा विस्तार स्केलेबल लिंक इंटरफेस असा झाला होता. लगेच २००५ मध्ये एटीआयने क्रॉसफायर हे उत्तर दिले. पुढच्या वर्षी एटीआय ही एएमडीच्या पदरात गेली. मग तीन कार्डे, चार कार्डे असा तो ऐन भराचा काळ सुरू झाला.

या भराच्या काळातच एक न्यून उघडकीला आले होते. दोन कार्डांवर सेकंदाला साठ चित्रे येत असली तरी खेळणाऱ्याला चित्र अडखळल्यासारखे वाटे. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. बस वीस मिनिटे येत नाही आणि येते तेव्हा एकापाठोपाठ दोन येतात. तासाला सहा बसगाड्या, हा हिशेब कागदावर बरोबर असतो. थांब्यावरचा माणूस मात्र ताटकळलेलाच असतो. चित्रांचेही तसेच होत होते. दोन चित्रे जोडीने येत आणि मग खंड पडे. २०११ साली स्कॉट वॉसन या अमेरिकन परीक्षकाने सेकंदाची सरासरी बाजूला ठेवून प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजायला सुरुवात केली, तेव्हा हे आकड्यांत दिसू लागले. २०१३ मध्ये एनव्हिडियाने अशा मोजणीचे साधन परीक्षकांना दिले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एएमडीने चित्रांमधले अंतर सारखे राखणारा सुधारित ड्रायव्हर काढला. म्हणजे दोष होता, तो मान्य झाला आणि तो सुधारला गेला हेडक्लार्ककडूनच. कार्ड तेच राहिले. फरक पडला तो कोणा प्रोग्रॅमरच्या मेहनतीमुळे.

असो. आम्ही मामा-भाचे शनिवारी ग्रँट रोडला उतरलो. जुने दुकान आता तिथे नव्हते. दुसऱ्या एका गाळ्यात जुनी कार्डे दुरुस्त करून विकणारा एक तरुण कारागीर भेटला. आमचे म्हणणे ऐकून तो म्हणाला, ‘‘लावून देतो काका, चालेल. पण कुठला गेम खेळायचाय?’’ सगळ्या दिवसात विचारला गेलेला हा एकमेव शहाणा प्रश्न होता. भाच्याने उत्साहाने पाच-सहा नावे सांगितली. कारागीर काही बोलला नाही. त्याने खणातून जोडणारी पट्टी काढली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. आज वाटते, तिथेच मी समजायला हवे होते. ज्या वस्तूला गिऱ्हाईक उरलेले नाही, तीच दुकानदार फुकट देतो.

घरी येऊन कार्ड बसवले. संगणक सुरू झाला, गेम सुरू झाला आणि अर्ध्या मिनिटात टेबलाखालच्या यूपीएसने किंकाळी फोडून सगळे बंद केले. आपल्याकडे घरोघरी असतो तसा तो ६०० व्हीएचा यूपीएस. त्याची खरी ताकद साधारण ३६० वॉटची. एक कार्ड भरात आले की १७० वॉट खाते. दोन कार्डे, प्रोसेसर आणि बाकीचा संसार धरून हिशेब साडेचारशेच्या पुढे गेला होता. यूपीएस बाजूला ठेवून तार थेट भिंतीतल्या सॉकेटला लावली. वीज गेली तर काय, हा विचार त्या क्षणी दोघांनीही केला नाही.

पहिला गेम २०१३ सालचा होता. एका कार्डावर सेकंदाला ३८ चित्रे येत होती, आता ६६ येऊ लागली. पडद्यावरचे रान, पाणी, धूर सारे काही सुळसुळीत सरकू लागले. भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. खोटे कशाला बोलू, मलाही भरून आले. इतक्या वर्षांपूर्वी मोजलेले साडेचार हजार रुपये त्या अर्ध्या तासात फिटले असे वाटले. दोन कार्डांची गोष्ट ही निव्वळ फसवणूक होती, असे म्हणणाऱ्यांना मी हा अर्धा तास दाखवीन. ज्या गेमसाठी हेडक्लार्कने पाने लावून ठेवली होती, तिथे ती विद्या खरोखरच चालत होती.

मग त्याने दुसरा गेम लावला, गेल्या दोन-तीन वर्षांतला. आकडा होता तेवढाच राहिला. दुसऱ्या कार्डाचा वापर दाखवणारी रेघ शून्यावर आडवी पडून होती. तिसऱ्या गेममध्ये माणसांचे चेहरे लुकलुकू लागले. चौथा गेम म्हणजे त्याचे सगळे मित्र खेळतात तो. तिथे आकडा एकाने वाढला आणि प्रोसेसर मात्र शंभर टक्क्यांवर धापा टाकत होता. पाचवा तर सुरूच होईना. या कार्डाचा ड्रायव्हर फार जुना आहे, असे त्याचे म्हणणे पडले. एव्हाना वरचे कार्ड ८८ अंशांवर गेले होते, कारण त्याच्या पंख्याला खालच्या कार्डाची गरम हवाच ओढावी लागत होती. खोलीत पिठाच्या गिरणीसारखा आवाज भरून राहिला होता. रात्री जेवताना भाचा गप्प होता. ‘‘मामा, माझं चुकलं का?’’ असे त्याने विचारले तेव्हा मला फार ओशाळल्यासारखे झाले. चूक त्याची नव्हतीच. खोक्यावर जे छापले होते, त्यावर त्याने विश्वास ठेवला होता आणि मीही ठेवला होता.

मग मी थोडा शोध घेतला आणि या विद्येचे पुढे काय झाले ते कळले. दोन कार्डे प्रत्येक गेममध्ये आपोआप चालत नसत. प्रत्येक गाजलेल्या गेमसाठी कार्डाच्या कंपनीतले प्रोग्रॅमर कामाची वाटणी कशी करायची याची वेगळी टाचणे लिहीत आणि ती ड्रायव्हरमध्ये घालून पाठवीत. ही लेखणी हळूहळू थांबत गेली. २०१५ साली डायरेक्टएक्स १२ आले आणि वाटणीचे काम गेम लिहिणाऱ्यांच्या गळ्यात पडले. हेडक्लार्कचे काम साहेबांनीच करायचे, असा तो प्रकार होता. २०१६ च्या ‘अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’ या गेमने तर दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची कार्डे एका संगणकात जुंपून दाखवली. पण एवढी खटपट करणारे फार थोडे निघाले. त्याच वर्षी एनव्हिडियाने तीन-चार कार्डांच्या जोडणीतून अंग काढून घेतले आणि जीटीएक्स १०६० या मधल्या किमतीच्या कार्डाला जोडणीची सोयच ठेवली नाही. म्हणजे ‘आज एक घ्या, उद्या दुसरे घ्या’ हा सल्ला ज्या गिऱ्हाइकासाठी होता, त्याच्याच कार्डावरून ती सोय गेली. २०१९ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ५७०० मध्ये क्रॉसफायर नव्हते. १ जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठी नवी टाचणे लिहिणार नाही, असे एनव्हिडियाने जाहीर केले. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० या सर्वांत महागड्या कार्डावर जोडपट्टीची जागाही उरली नव्हती.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. आजचे बरेच गेम चित्राच्या कडा गुळगुळीत करण्यासाठी आधीच्या चित्रातली माहिती पुढच्या चित्रात वापरतात. याचा अर्थ दुसरे पान पहिल्या पानाच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू होते. अशा मजकुराची वाटणी दोन टायपिस्टांत होणार कशी? शिवाय एकेक कार्डच इतके जोरकस झाले की दोन कार्डांची निकड कमी झाली. मूठभर हौशी लोकांसाठी प्रोग्रॅमरांची फौज पोसणे कोणत्याही व्यापाऱ्याला परवडणारे नाही. यातले एकही कारण खोटे आहे असे मला वाटत नाही. दोन कार्डांची पद्धत बंद झाली, याबद्दल माझी तक्रारच नाही.

माझी तक्रार निराळी आहे. २०१२ साली मी जे विकत घेतले, त्यात निम्मे लोखंड होते आणि निम्मे कोणाचे तरी पुढचे कष्ट होते. खोक्यावरच्या चित्रातली ती चकाकती पट्टी म्हणजे पितळेचा तुकडा नव्हता. ‘तुम्ही दुसरे कार्ड घ्याल तेव्हा आमची माणसे कामावर असतील’ असा तो शब्द होता. हा शब्द कधीपर्यंत पाळला जाणार, हे मात्र कुठेही लिहिलेले नव्हते. लोखंडाची हमी तीन वर्षांची, तीही शिक्क्यानिशी होती. कष्टांची हमी काहीच नव्हती. आणि लोखंड अजूनही ठणठणीत आहे, हाच यातला विनोद.

आज हे केवळ ग्राफिक्स कार्डांपुरते राहिलेले नाही. घरातला टीव्ही, मुलाचे घड्याळ, दारावरचा कॅमेरा, खिशातला फोन या साऱ्यांच्या मागे कोणी ना कोणी हेडक्लार्क बसलेला आहे. तो उठून गेला की वस्तू धडधाकट असूनही निकामी होते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडले, तर बसत नाहीत. माझा संगणक त्या यादीबाहेरचा. ज्या यंत्रात आपण दुसरे कार्ड घालायला निघालो आहोत त्याच्या पायाखालची जमीनच सरकली आहे, हे आम्हाला कार्ड घेऊन आल्यावर सुचले.

बाहेरच्या देशांत याचा विचार सुरू झाला आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंवर, सुरक्षेच्या सुधारणा निदान किती काळ मिळतील हे सांगणे उत्पादकाला बंधनकारक झाले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनची विक्री थांबल्यानंतरही निदान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा पुरवाव्या लागतात. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने आधी शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे विचारात घेतली. पाऊल चांगले आहे. पण दुरुस्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अजून स्क्रू आणि सुटे भागच येतात. माझे कार्ड बिघडलेलेच नव्हते. त्याला कोणता सुटा भाग मिळणार?

मागणी साधी आहे. आयात केलेल्या प्रत्येक वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, आयातदाराचे नाव-पत्ता, महिना आणि वर्ष छापण्याची पद्धत आपल्याकडे वैधमापन शास्त्राच्या नियमांमुळे आधीच आहे. त्या पट्टीवर आणखी एक ओळ यावी. ‘या वस्तूच्या सॉफ्टवेअरला अमुक सालापर्यंत आधार मिळेल.’ कंपनीला दोनच वर्षे आधार द्यायचा असेल तर तिने खुशाल दोनच लिहावीत. गिऱ्हाईक तेवढेच पैसे मोजेल. बिस्किटाच्या पुड्यावर मुदत छापणे ज्यांना जमते, त्यांच्या शेजारच्या दुकानात वीस हजारांचे कार्ड विकणाऱ्यांना ते का जमू नये? अशी ओळ आली, की ‘उद्या दुसरे टाका’ म्हणणाऱ्या दुकानदारालाही ‘कोणत्या उद्यापर्यंत?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल.

तोवर ज्यांच्या घरी असा जुना संगणक आहे त्यांनी आमच्या अनुभवातून एवढे घ्यावे. पैसे खर्च करण्याआधी अडले कुठे आहे ते पाहावे. गेममधली चित्राची सूक्ष्मता कमी करून बघावी. तरीही वेग वाढला नाही, तर अडथळा बहुधा कार्डात नसून प्रोसेसरमध्ये आहे. विहिरीलाच पाणी कमी असेल तर दुसरी मोट लावून काय होणार? वेग वाढला, तर मग कार्ड बदलण्याचा विचार करावा. तेव्हाही दोन जुन्या कार्डांपेक्षा कमी वीज खाणारे एक नवे कार्ड जवळजवळ नेहमीच बरे. २०१६ पर्यंतचेच गेम खेळायचे असतील, दुसरे कार्ड घरात आयते पडून असेल आणि उन्हाळ्याची फिकीर नसेल, तर हौस म्हणून जोडी जरूर लावावी. आम्ही पाहिलेला तो अर्धा तास त्यांनाही मिळेल.

दोन कार्डांचे दिवस अगदीच संपले असेही नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषिक प्रारूपे घरच्या संगणकावर चालवणारे लोक हल्ली दोन-दोन कार्डे आवर्जून बसवतात. तिथे प्रारूपाचे थर दोन कार्डांच्या स्मृतीत वाटून ठेवता येतात. चोवीस जीबीच्या दोन कार्डांत अठ्ठेचाळीस जीबींचा ऐवज मावतो. गेममध्ये न जुळणारी टेबले इथे जुळतात. कामाची वाटणी जशी असेल तशी बेरीज होते. कधी एक अधिक एक दोन, कधी दीड आणि कधी नुसते एकच.

आमच्या व्यवहाराचा शेवट सांगतो. त्या कारागिराने कार्ड अडीच हजारांत परत घेतले. वर म्हणाला, ‘‘मी विचारलं होतं काका, कुठला गेम म्हणून.’’ हजाराचा खड्डा मी भरून दिला. भाचा नको नको म्हणत होता, पण मामा कशासाठी असतो? सात हजारांत त्याने साडेपाच हजारांचे १२० वॉटवर चालणारे एक वापरलेले कार्ड आणि दीड हजाराची जुनी मेमरी घेतली. आधीचे कार्ड काढून त्याच जागी ते बसवले. आता यूपीएस ओरडत नाही. मित्रांचा तो गेम फार वेगाने पळतो असे नाही, प्रोसेसर म्हातारा तो म्हाताराच. पण खेळता येतो. त्याला या सुट्टीत तेवढेच हवे होते. खेळ नसेल तेव्हा तो गेम सुरू करून आकडे पाहत बसतो आणि वहीत टिपून ठेवतो. खोक्यावर काय छापले आहे, हे तो आता विचारत नाही.

आधीच्या कार्डाचे खोके आमच्या माळ्यावर होते. आपल्याकडे खोकी टाकून देत नाहीत. ते खाली काढून मी चारी बाजूंनी नीट वाचले. किंमत आहे, आयातदाराचा पत्ता आहे, महिना-वर्ष आहे, दोन कार्डांचे ते चित्रही आहे. शोधत होतो ती ओळ मात्र कुठेच नाही.